घटक ५ : अंगावर जाणे, अंगावर काढणे – स्त्रियांच्या जननेंद्रियांचे कर्करोग : लक्षणे, उपचार आणि त्यांची भाषा

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास –
• स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगांची प्रमुख लक्षणे सांगता येतील;
• ही लक्षणे बोलीत कोणत्या शब्दांनी व्यक्त होतात आणि त्या शब्दांमुळे निदानास विलंब कसा होतो, हे स्पष्ट करता येईल;
• तपासणी व उपचार यांच्या पद्धतींची ओळख होईल;
• आरोग्यविषयक माहिती सुबोध व अचूक मराठीत लिहिता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासक्रमात कर्करोगाचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. व्यावहारिक मराठीचा विचार आपण आजवर अर्ज, अहवाल, जाहिरात, वृत्तलेखन अशा अंगांनी केला. परंतु माणसाच्या आयुष्यात भाषेचा सर्वांत निकडीचा व्यवहार अनेकदा दवाखान्यात घडतो. आपल्याला काय होते आहे हे सांगण्यासाठी तेथे शब्द लागतात, आणि ते सापडले नाहीत तर दुखणे शरीरातच राहते. स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या आजारांबाबत तर शब्द सापडूनही ते उच्चारता येत नाहीत.

आपल्यापैकी अनेक जण संसार, शेती किंवा नोकरी सांभाळून शिकत आहेत. काही जणी आशा कार्यकर्त्या असतील, काही अंगणवाडीत काम करीत असतील. या घटकातील माहिती परीक्षेपुरती नाही. ती आपल्या घरातील व शेजारच्या स्त्रियांच्या उपयोगाची आहे. भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे दरवर्षी सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे ८० हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज आहे. हा आजार वेळेवर ओळखल्यास बरा होणारा आहे, म्हणूनच हे आकडे अस्वस्थ करणारे आहेत.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ तक्रारीचा प्रवास

उदाहरणादाखल नंदुरबार जिल्ह्यातील रनाळे हे गाव डोळ्यांसमोर आणू. या परिसरात घरात अहिराणी बोलली जाते, शाळेत प्रमाण मराठी चालते, सातपुड्याकडील कुटुंबे भिली बोलतात, गुजरातशी व्यवहार असल्याने गुजराती कानांवर असते आणि रुग्णालयातील केसपेपर इंग्रजीत लिहिला जातो. आता अशी कल्पना करा की, येथील एका पंचावन्न वर्षांच्या शेतकरी स्त्रीला पाळी बंद होऊन चार वर्षे झाल्यावर पुन्हा रक्त दिसू लागले आहे. ती जावेला म्हणते, ‘मनी कंबर दुखस.’ रक्ताचा उल्लेख ती शेवटी आणि दबक्या आवाजात करते. जाऊ तो उल्लेख दिराच्या कानी घालीत नाही. दीर मोटारसायकलीवरून तिला दवाखान्यात नेतो आणि दारातूनच सांगतो, ‘कंबर दुखते, अशक्तपणा आहे.’ डॉक्टर वेदनाशामक गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या देतात.

या प्रवासात कोणीही खोटे बोललेले नाही. तरीही मुख्य लक्षण वाटेत गळून पडले आहे. भाषाविज्ञानात ज्याला आपण निषिद्ध शब्द म्हणतो, त्याचा हा परिणाम होय. जी गोष्ट उच्चारायची नाही तिच्याऐवजी समाज दुसरा, सौम्य शब्द वापरतो. ही सौम्योक्ती सभ्यतेची सोय असते. मात्र निदानाच्या वेळी ती अडसर ठरू शकते.

५.३.२ ‘अंग’ या शब्दाभोवतीची वाक्प्रचारसृष्टी

मराठीत या आजारांच्या बहुतेक तक्रारी ‘अंग’ या एका शब्दाभोवती फिरतात. योनिमार्गातून पांढरा स्राव होणे म्हणजे ‘अंगावर पांढरे जाणे’ किंवा ‘धुपणी’. रक्तस्राव होणे म्हणजे ‘अंगावरून लाल जाणे’. गर्भाशय खाली सरकणे म्हणजे ‘अंग बाहेर येणे’. याच शब्दापासून आणखी दोन वाक्प्रचार झाले आहेत : ‘दुखणे अंगावर काढणे’ आणि ‘अंगवळणी पडणे’. पहिल्या तिहींत लक्षणे आहेत, पुढील दोहोंत त्या लक्षणांचे काय केले जाते ते आहे. अंगावर जाणारे अंगावरच काढले जाते आणि हळूहळू ते अंगवळणी पडते.

दुसरे उदाहरण ‘पाळी’ या शब्दाचे. पाळी बंद झाली की ‘पाळी गेली’ असे आपण म्हणतो. जे गेले ते परत येऊ शकते, असे या क्रियापदातच गृहीत आहे. म्हणून काही वर्षांनी रक्त दिसले की ‘पाळी परत आली’ असे म्हटले जाते. काही जणींना तर त्यात तारुण्याची खूण वाटते. वस्तुस्थिती अशी की, पाळी सलग बारा महिने बंद राहिल्यानंतर येणारे रक्त ही पाळी नसते. त्याला ‘पाळी’ हे नाव देताच लक्षणाचे रूपांतर नेहमीच्या घटनेत होते आणि दवाखान्यात जाण्याचे कारणच उरत नाही.

या विषयावर मराठीत स्पष्ट बोलण्याची परंपरा नाही, असे मात्र नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून शरीर, संततिनियमन आणि गुप्तरोग यांविषयी साध्या मराठीत लिहिले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले; त्यांपैकी एका खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. शरीराच्या अवयवाला त्याच्या नावाने हाक मारणे ही आपल्याकडे न्यायालयापर्यंत गेलेली गोष्ट आहे, हे भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे.

५.३.३ ‘पिशवी’ म्हणजे नेमके काय?

बोलीत ‘पिशवी’ हा शब्द सर्वांसाठी वापरला जातो. ‘पिशवीचा कॅन्सर’, ‘पिशवीला सूज’, ‘पिशवी काढली’ असे प्रयोग आपण ऐकतो. प्रत्यक्षात येथे अनेक वेगळे अवयव आहेत. गर्भाशय हा उलट्या धरलेल्या लहान पेरूसारखा स्नायूंचा अवयव आहे. त्याचा खालचा निमुळता भाग योनिमार्गात उघडतो. तो गर्भाशयमुख होय. गर्भाशयाच्या आतील अस्तरातून दरमहा पाळीचे रक्त येते. दोन्ही बाजूंना बीजवाहिन्या आणि बीजांडकोश असतात. योनिमार्गाच्या बाहेरील त्वचेच्या भागास बाह्य जननेंद्रिय म्हणतात.

यांपैकी प्रत्येक ठिकाणी होणारा कर्करोग निराळा असतो, त्याची कारणे निराळी आणि उपचारही निराळे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हा संसर्ग लैंगिक संबंधांतून पसरतो आणि तो अत्यंत सामान्य आहे. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. काहींच्या शरीरात तो टिकून राहतो आणि त्यांतील थोड्यांमध्ये साधारण पंधरा ते वीस वर्षांत कर्करोग होतो. म्हणून या आजारावरून कोणाच्याही चारित्र्याचा निष्कर्ष काढणे शास्त्रीय दृष्ट्या चूक आणि माणुसकीला सोडून आहे. या विषाणूचा कर्करोगाशी असलेला संबंध शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग मुख्यतः पाळी बंद झाल्यानंतरच्या वयात होतो. लठ्ठपणा व मधुमेह यांमुळे त्याचा धोका वाढतो. बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत आनुवंशिक दोष आढळतो. आई, बहीण किंवा मावशी यांना स्तनाचा अथवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

५.३.४ लक्षणे कशी ओळखावीत?

पुढील लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

(१) पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एकदाही रक्त दिसणे, मग तो केवळ डाग असला तरी.
(२) शरीरसंबंधानंतर रक्त जाणे.
(३) दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, किंवा पाळीचे प्रमाण व कालावधी पूर्वीपेक्षा बराच वाढणे.
(४) दुर्गंधीयुक्त, पाण्यासारखा किंवा रक्तमिश्रित स्राव, विशेषतः औषध घेऊनही न थांबणारा.
(५) पोट सतत फुगलेले वाटणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार किंवा घाईने लघवीला लागणे.
(६) बाह्य जननेंद्रियावर न बरी होणारी खाज, जखम, गाठ किंवा त्वचेच्या रंगातील बदल.
(७) एका पायावर सूज, सततची कंबरदुखी, लघवी अथवा शौचावाटे रक्त. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ही लक्षणे बहुधा आजार पुढे गेल्यावर दिसतात.

पाचव्या गटातील लक्षणे बीजांडकोशाच्या कर्करोगाची असू शकतात. ती कोणालाही कधीतरी होतात. त्यामुळे त्यांवर ‘गॅस झाला’, ‘पित्त वाढले’ असे नाव चटकन चिकटते. येथे लक्षणाच्या नावापेक्षा त्याचे वर्तन पाहावे. लक्षण नवे आहे काय, महिन्यातील निम्म्या दिवसांच्या आसपास ते जाणवते काय, आणि ते वाढते आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर होकारार्थी असेल तर पोटाची तपासणी व सोनोग्राफी करून घेणे योग्य.

एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही लक्षणे असणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो. पाळी बंद झाल्यानंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी दहांत साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. उरलेल्या नऊजणींमध्ये कारण निराळे असते. परंतु ती एक कोण हे तपासल्याशिवाय कळत नाही. पांढरा स्राव तर बहुतेक वेळा नैसर्गिक असतो किंवा साध्या जंतुसंसर्गामुळे होतो.

५.३.५ बार्शी आणि उस्मानाबादचा अनुभव

बोलण्याने खरोखर काही बदलते काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागासाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत आणि नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयातील डॉ. बी. एम. नेने यांचा या कामात मोठा वाटा होता. शहरांत रुग्णालयांच्या नोंदी गोळा करून भागते. खेड्यांत मात्र अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना भेटू लागले, लक्षणांची माहिती सांगू लागले आणि लक्षणे असलेल्या स्त्रियांना तपासणीसाठी प्रवृत्त करू लागले. काही वर्षांतच असे आढळले की, या भागातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा अलीकडच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. नवे यंत्र किंवा नवे औषध यात नव्हते. गावात बसून गावाच्या भाषेत केलेले बोलणे होते.

पुढे १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश होता. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी करण्यात आली. तीन गटांत निरनिराळ्या पद्धतींनी एकदाच तपासणी झाली. चौथा गट नेहमीच्या आरोग्यसेवेवर राहिला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने एवढा फरक पडला होता.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही टाटा रुग्णालयाने डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली असाच अभ्यास केला. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून सौम्य ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरची साधी तपासणी करवून घेतली गेली. बारा वर्षांत मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. या अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी का दिली नाही, असा नैतिक आक्षेपही पुढे घेतला गेला, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. त्या स्त्रियांच्या किमतीवर मिळालेले हे ज्ञान वापरात आणणे, हे त्यामुळेच अधिक बंधनकारक ठरते. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी दोघींचीदेखील ही तपासणी कधी झालेली नव्हती.

स्वयं-अध्ययन प्रश्न क्र. १
(अ) ‘पाळी परत आली’ या वाक्प्रयोगामुळे निदानास विलंब कसा होऊ शकतो?
(आ) बार्शीच्या नोंदणीचे काम शहरी नोंदणीपेक्षा वेगळे का होते?

५.३.६ तपासणीचे प्रकार

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या आधीची अवस्था लक्षणविरहित असली तरी ओळखता येते. त्यासाठी तीन प्रमुख तपासण्या आहेत. व्हीआयए तपासणीत गर्भाशयमुखावर सौम्य आम्ल लावून मिनिटभराने पाहतात. दोष असलेला भाग पांढरा दिसतो. पॅप तपासणीत गर्भाशयमुखावरील पेशी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही तपासणीत विषाणूचा शोध घेतात; तिचा नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो. शासनाच्या कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी आरोग्य केंद्रांत दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणीची तरतूद आहे. गर्भाशयाच्या अस्तरासाठी आणि बीजांडकोशासाठी मात्र सर्वांनी करावी अशी सिद्ध झालेली चाळणी तपासणी नाही. म्हणून तेथे लक्षणे ओळखण्यालाच अधिक महत्त्व आहे.

तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. व्यवहारात ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले. दवाखान्यात त्याचा अर्थ ‘दोष आढळला, पुढे पाहावे लागेल’ एवढाच. यानंतर कॉल्पोस्कोप या भिंगाच्या उपकरणातून गर्भाशयमुख पाहतात आणि गरज असल्यास लहानसा तुकडा काढून तपासतात. कर्करोगपूर्व अवस्था असल्यास तो भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा तारेच्या वेढ्याने काढून टाकता येतो. त्यासाठी गर्भाशय काढावे लागत नाही.

प्रतिबंधासाठी लसही उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्वावॅक’ या भारतीय लसीस २०२२ साली मान्यता मिळाली. ही लस प्रामुख्याने ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी, म्हणजे विषाणूचा संपर्क येण्यापूर्वी उपयुक्त आहे. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तिशीनंतर तपासणी करून घ्यावी.

५.३.७ उपचार समजून घेताना

कर्करोगाचे निदान तुकड्याच्या तपासणीने होते. त्यानंतर आजार कोठवर पसरला आहे हे ठरवितात. त्यास टप्पा किंवा ‘स्टेज’ म्हणतात. गर्भाशयमुखाच्या बाबतीत पहिल्या टप्प्यात रोग तेथेच मर्यादित असतो, दुसऱ्यात लगतच्या भागात जातो, तिसऱ्यात ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत, योनिमार्गाच्या खालच्या भागापर्यंत किंवा लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि चौथ्यात मूत्राशय, गुदाशय किंवा दूरच्या अवयवांत पसरतो.

शस्त्रक्रिया : गर्भाशयमुखाच्या प्रारंभीच्या कर्करोगात ती करतात. फारच लवकर निदान झाल्यास गर्भाशय राखूनही उपचार शक्य असतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात सामान्यतः गर्भाशय, बीजवाहिन्या व बीजांडकोश काढतात. बीजांडकोशाच्या कर्करोगात दिसेल तेवढा सर्व रोग काढण्याचा प्रयत्न असतो. जोडीला, शस्त्रक्रियेपूर्वी अथवा नंतर, बहुतेक रुग्णांना रसायनोपचार देतात.

किरणोपचार : यालाच अनेक जण ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. बाहेरून दिले जाणारे किरण साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस देतात. त्यानंतर गर्भाशयमुखाजवळ उपकरण ठेवून आतून किरण देतात. बाहेरून किरण घेणाऱ्या स्त्रीच्या अंगातून किरण निघत नाहीत. तिने नातवाला मांडीवर घेण्यात कोणताही धोका नाही.

रसायनोपचार : शिरेतून औषधे देतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणांबरोबर दर आठवड्यास सिस्प्लाटिन हे औषध देण्याची पद्धत आहे. केस गळणे हा सर्वच औषधांचा परिणाम नसतो. तो कोणते औषध दिले जाते यावर अवलंबून असतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. ‘डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटले’ या वाक्याचा अर्थ नातेवाईक बहुधा ‘आता काही उरले नाही’ असा घेतात आणि रुग्णाला घरी नेतात. गर्भाशयमुखाच्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यात किरण व रसायन यांचा एकत्रित उपचार हाच बरे करण्याच्या उद्देशाने दिलेला मुख्य उपचार असतो. टाटा रुग्णालयात ६३५ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधी रसायन व मग शस्त्रक्रिया या मार्गापेक्षा किरण व रसायन यांचा मार्ग सरस ठरला : पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९.३ व ७६.७ टक्के होते. तेथीलच दुसऱ्या अभ्यासात, तिसऱ्या टप्प्यातील ज्या स्त्रियांना किरणांसोबत सिस्प्लाटिन मिळाले त्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. ‘तिसरी स्टेज’ म्हणजे शेवट नव्हे.

हा उपचार मध्येच खंडित करू नये. तो साधारण आठ आठवड्यांच्या आत पूर्ण झाल्यास परिणाम चांगला मिळतो. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या किंवा कापूसवेचणीच्या हंगामात अडकलेल्या कुटुंबांसाठी हे सोपे नाही. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच मुक्काम, सोबत आणि खर्च यांची आखणी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांखाली संलग्न रुग्णालयांत कर्करोगाच्या अनेक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत न्यावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

उपचारानंतर पाळी अकाली बंद होणे, योनिमार्ग आकसणे, लघवी-शौचाच्या तक्रारी, शरीरसंबंधांत वेदना हे परिणाम होऊ शकतात. यांवर उपाय आहेत. पण ते सांगितल्याशिवाय मिळत नाहीत. रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला असला, तरी वेदना कमी करणारे परिहार उपचार असतात. ‘आता घरी न्या’ एवढ्यावर कोणीही समाधान मानू नये. वेदनाशमनाची सोय कोठे आहे, हे विचारावे.

५.३.८ भीतीची भाषा

मौनाइतकीच भीतीही घातक असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे उघड झाल्यावर २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. अंगावर पांढरे जाणे, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेक स्त्रियांना ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगण्यात आल्याचे त्यांच्या कथनांतून पुढे आले.

‘नाहीतर कॅन्सर होईल’ हे वाक्य निदान नव्हे. त्यामागे तपासणी नसेल, तर ती केवळ धमकी असते. अशा वेळी चार प्रश्न विचारावेत : माझ्या कोणत्या अवयवात दोष आहे? तो कोणत्या तपासणीत दिसला? तुकडा तपासला काय? शस्त्रक्रियेशिवाय दुसरा उपाय आहे काय? तपासणीचे कागद मागून घ्यावेत आणि शक्य असल्यास जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे. असा प्रश्न विचारणे हा डॉक्टरांचा अवमान नसून रुग्णाचा अधिकार आहे.

५.३.९ आरोग्यसंदेशाचे लेखन

आता एक वाक्य पाहा : ‘रजोनिवृत्तीपश्चात योनिगत रक्तस्राव आढळल्यास तत्काळ वैद्यकीय सल्ला घेणे हितावह ठरेल.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; पण ज्या स्त्रीसाठी ते लिहिले, तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहू : ‘पाळी बंद होऊन वर्ष झाले आणि नंतर एकदा जरी रक्त दिसले, तरी ती पाळी नव्हे. त्याच आठवड्यात दवाखान्यात दाखवा.’ दुसऱ्या मांडणीत तीन गोष्टी साधल्या आहेत : बोलीतील शब्द वापरला, त्या शब्दामागील चुकीची समजूत दूर केली आणि काय करायचे ते मुदतीसह सांगितले. आरोग्यसंदेश लिहिताना हा क्रम उपयोगी पडतो.

५.४ सारांश

स्त्रियांच्या जननेंद्रियांचे कर्करोग एक नसून अनेक आहेत आणि ‘पिशवी’ या शब्दाखाली ते झाकले जातात. पाळी बंद झाल्यानंतरचे रक्त, संबंधानंतरचे रक्त, दुर्गंधीयुक्त स्राव, सतत फुगलेले पोट आणि न बरी होणारी खाज वा जखम ही लक्षणे तपासून घ्यावीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्था साध्या तपासणीने ओळखता येते. उपचार टप्प्यानुसार ठरतात. शस्त्रक्रिया न करणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. मौन आणि भीती या दोहोंवर उपाय एकच : अवयवाचे, लक्षणाचे आणि काळाचे नेमके नाव घेणे.

५.५ पारिभाषिक शब्द

सौम्योक्ती : निषिद्ध किंवा अप्रिय अर्थासाठी वापरलेला सौम्य शब्द.
गर्भाशयमुख : गर्भाशयाचा योनिमार्गात उघडणारा खालचा भाग.
बीजांडकोश : स्त्रीबीज तयार करणारी ग्रंथी.
चाळणी तपासणी : लक्षणे नसलेल्यांची रोग शोधण्यासाठी केलेली तपासणी.
परिहार उपचार : वेदना व त्रास कमी करण्यासाठी दिलेले उपचार.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न क्र. १ : (अ) रक्तस्रावाला ‘पाळी’ हे परिचित नाव मिळाल्याने तो नेहमीचा वाटतो व तपासणी टळते. (आ) खेड्यांतील अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचत नसल्याने कार्यकर्त्यांना गावोगाव जाऊन माहिती घ्यावी व द्यावी लागली.

५.७ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘अंग’ या शब्दापासून झालेले पाच वाक्प्रचार लिहून त्यांपैकी आरोग्याशी संबंधित वाक्प्रचारांचे अर्थ स्पष्ट करा.
(२) ‘तपासणी पॉझिटिव्ह आली’ या वाक्याचा अर्थ एका घाबरलेल्या स्त्रीला समजावून सांगणारा दहा ओळींचा संवाद लिहा.

५.८ क्षेत्रीय काम

आपल्या गावातील किंवा वस्तीतील आशा कार्यकर्तीस भेटा. स्त्रिया पाळी, पांढरा स्राव, गर्भाशय आणि कर्करोग यांसाठी कोणते शब्द वापरतात, त्यांची यादी करा. कोणाही स्त्रीचे नाव वा ओळख नोंदवू नका. त्या यादीच्या आधारे आपल्या बोलीत शंभर शब्दांचे माहितीपत्रक तयार करा. त्यातील वैद्यकीय माहिती आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि मगच ते पाच स्त्रियांना वाचून दाखवा. जेथे त्यांनी ‘म्हणजे काय?’ असे विचारले, ते वाक्य पुन्हा लिहा.